दोन टोकं जोडा आणि वेढे मोजा: नॉन-हर्मिशियन वर्णपट वाचायला शिकताना

चाळीस ओळी आणि चाळीस रकाने असलेलं एक मॅट्रिक्स घ्या. एकूण चौकटी १६००. त्यातल्या फक्त दोन चौकटींमधले, उजवीकडच्या वरच्या आणि डावीकडच्या खालच्या कोपऱ्यातले आकडे बदलले, तर आयगेनमूल्यांचं काय होईल?

हर्मिशियन मॅट्रिक्सची (ओळी-रकान्यांची अदलाबदल करून आकड्यांच्या काल्पनिक भागाचं चिन्ह उलटलं तरी जे तेच राहतं) सवय असलेला माणूस म्हणेल, फार काही नाही. मूल्यं जरा इकडेतिकडे सरकतील, फार तर शेजाऱ्याच्या जागेपर्यंत. हर्मिशियन जगात हे उत्तर बरोबरच आहे. पण मॅट्रिक्स हर्मिशियन नसेल तर त्या दोन चौकटी सगळा वर्णपट, म्हणजे आयगेनमूल्यांचा सगळा संच, पालटून टाकू शकतात. एका सरळ रेषेवर शिस्तीत बसलेली चाळीसही मूल्यं उठतात आणि संमिश्र प्रतलावर रिंगण धरतात. ते रिंगण कसं वाचायचं, हेच या लेखात शिकायचं आहे. बाकीची परिभाषा मागाहून आपोआप येते.

लागेल एवढंच: बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षापर्यंतचं मॅट्रिक्सचं गणित, संमिश्र संख्यांची भीती नसणं, आणि पायथॉन किंवा ऑक्टेव्ह असलेला साधा लॅपटॉप. लेख नुसता वाचू नका, सोबत आकडे काढत चला.

पायरी १: ऊर्जा संमिश्र कशी असू शकते, हे आधी पटवून घ्या

क्वांटम मेकॅनिक्सच्या पहिल्याच तासाला सांगतात की ऊर्जेची मूल्यं वास्तव असतात, म्हणून हॅमिल्टोनियन, म्हणजे ज्याची आयगेनमूल्यं या ऊर्जा असतात ते मॅट्रिक्स, हर्मिशियन हवा. हे बंद प्रणालीपुरतं खरं आहे. बाहेर काही जात नाही, आत काही येत नाही, अशा प्रणालीपुरतं.

आता घरखर्चाची वही डोळ्यासमोर आणा. वहीत फक्त घरातल्या पैशांची नोंद आहे, बाहेर गेलेल्या पैशाचं पुढे काय झालं ते तिच्यात नाही. त्या वहीपुरतं पाहिलं तर पैसे ‘नाहीसे’ होतात. प्रणालीच्या एका भागाचंच समीकरण लिहिलं आणि उरलेलं जग वहीबाहेर ठेवलं की हॅमिल्टोनियनचंही तसंच होतं. ऊर्जेला काल्पनिक भाग येतो. तो ऋण असेल तर अवस्था काळाबरोबर विरत जाते, धन असेल तर वाढत जाते. ही कल्पना नवी नाही. जॉर्ज गॅमो यांनी १९२८ साली अल्फा किरणोत्सर्गाचं गणित मांडताना संमिश्र ऊर्जाच वापरली होती. लेसरमधली प्रकाशाची भर, तारांमधला रोध, ध्वनीची गळती, घर्षण, सगळं याच वहीत बसतं.

पायरी २: हातानो–नेल्सन साखळी बांधा

सापशिडीच्या पटाची एकच ओळ घ्या, चाळीस घरांची. कण एका घरातून उजवीकडच्या घरात उडी मारतो तिचं वजन २, आणि डावीकडे मारतो तिचं वजन ०.५. हर्मिशियन मॅट्रिक्समध्ये ही दोन्ही वजनं सारखी असावी लागली असती. इथे मुद्दामच नाहीत.

मॅट्रिक्स असं भरा. मुख्य कर्णावर शून्य, कर्णाच्या लगेच खालच्या तिरप्या ओळीत सगळीकडे २, वरच्या तिरप्या ओळीत सगळीकडे ०.५, उरलेलं सगळं शून्य. ही ‘उघडी’ साखळी. आता तिची प्रत काढा आणि टोकं जोडा: चाळिसाव्या घरातून पहिल्यात येण्याचं वजन २ (उजवा वरचा कोपरा), पहिल्यातून चाळिसाव्यात जाण्याचं ०.५ (डावा खालचा कोपरा). ही ‘जोडलेली’ साखळी, म्हणजे वर्तुळ.

नाओमिची हातानो आणि डेव्हिड नेल्सन यांनी १९९६ साली ही साखळी मांडली तेव्हा त्यांच्यासमोर अतिवाहकातल्या चुंबकीय भोवऱ्यांचा प्रश्न होता. पदार्थात एकाच दिशेने आरपार गेलेले दोष या भोवऱ्यांना धरून ठेवतात. चुंबकीय क्षेत्र तिरपं केलं तर भोवरे केव्हा सुटतात? त्या तिरपेपणाचं गणित केलं की डाव्या-उजव्या उड्यांची वजनं असमान होतात. टोपॉलॉजीचा, म्हणजे ताणून-वाकवून न बदलणाऱ्या गुणांच्या गणिताचा, तेव्हा विषयही नव्हता.

दोन्ही मॅट्रिक्सची आयगेनमूल्यं काढून एकाच आलेखावर मांडा, आडव्या अक्षावर वास्तव भाग, उभ्यावर काल्पनिक. उघड्या साखळीची चाळीसही मूल्यं वास्तव येतील, उणे २ आणि २ च्या दरम्यान. जोडलेल्या साखळीची एका लंबवर्तुळावर बसतील.

पायरी ३: लंबवर्तुळाकडे नीट बघा

जोडलेल्या साखळीत प्रत्येक घर दुसऱ्यासारखंच असल्यामुळे उत्तर तरंगरूपात मिळतं. तरंगांक ‘क’ धरला तर ऊर्जेचा वास्तव भाग २.५ कॉस क, काल्पनिक भाग उणे १.५ साइन क. २.५ म्हणजे दोन वजनांची बेरीज आणि १.५ म्हणजे त्यांची वजाबाकी. हेच लंबवर्तुळाचे अर्धअक्ष.

आता नाभी काढा. २.५ चा वर्ग ६.२५, १.५ चा वर्ग २.२५, फरक ४, वर्गमूळ २. म्हणजे नाभी उणे २ आणि २ वर, आणि उघड्या साखळीची सगळी मूल्यं नेमकी या दोन नाभींमध्ये! हा आकड्यांचा योगायोग नाही. कुठलीही दोन धन वजनं घ्या, उघडा वर्णपट जोडलेल्या वर्णपटाच्या दोन नाभींना जोडणाऱ्या रेषेवरच बसतो. मला या विषयाची गोडी लागली ती या एका गोष्टीमुळे, आणि अजूनही कुणाला समजावताना मी इथूनच सुरुवात करतो.

पायरी ४: वेढे मोजा

आता टोपॉलॉजी. प्रतलावर कुठेतरी एक खुंटी ठोका, म्हणजे कुठलीही एक संदर्भ-ऊर्जा निवडा. क शून्यापासून पूर्ण एक फेरा फिरवला की ऊर्जेचा बिंदू लंबवर्तुळावरून फिरून मूळ जागी येतो. खुंटीभोवती त्याने किती प्रदक्षिणा घातल्या, कुठल्या दिशेने? या संख्येला वाइंडिंग नंबर म्हणतात. खुंटी आत असेल तर दावं तिच्याभोवती अडकलेलं असतं, खुंटीला न ओलांडता ते सोडवता येत नाही. बाहेर असेल तर शून्य.

एक गंमत लक्षात ठेवा. देवळात प्रदक्षिणा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने घालतात, आणि गणितात त्याच्या उलट दिशेची फेरी धन मानतात. आपली साखळी देवळाच्या दिशेने फिरते, म्हणून वेढा उणे १. वजनं उलट केली, डावीकडे २ आणि उजवीकडे ०.५, तर अधिक १.

संगणकावर मोजायचं असं. क चे दोनशे समान तुकडे करा. प्रत्येक ठिकाणी ऊर्जेतून खुंटी वजा करा, उरलेल्या संमिश्र संख्येचा कोन काढा, लागोपाठच्या कोनांमधले फरक बेरजेत घाला आणि शेवटी पूर्ण वर्तुळाच्या कोनाने भागा. दोन चुका सगळ्यांच्याच होतात. कोन १८० अंशांवरून उणे १८० वर उडी मारतो तिथला फरक दुरुस्त करायचा राहतो (नमपायमध्ये त्यासाठी अनरॅप नावाचं फंक्शन तयार आहे). आणि खुंटी वक्राच्या अगदी जवळ असली तर दोनशे तुकडे पुरत नाहीत. उत्तर पूर्णांक आलं नाही तर गणित चुकलंय, असं खुशाल समजा.

एका घरात दोन-तीन पातळ्या असतील तर प्रत्येक क साठी छोटं मॅट्रिक्स येतं. तिथे एकेक आयगेनमूल्य पकडून बसू नका. मॅट्रिक्समधून खुंटी वजा करून त्याच्या निश्चयकाचा कोन मोजा. पातळ्या एकमेकींत मिसळल्या तरी निश्चयक गोंधळत नाही.

हर्मिशियन साखळीत, म्हणजे दोन्ही वजनं सारखी असताना, लंबवर्तुळ चपटं होऊन रेषा उरते. रेषेने कशाला वेढा घालायचा? म्हणून हर्मिशियन टोपॉलॉजी वर्णपटाच्या आकारात नसते, ती लाटांच्या रूपात शोधावी लागते. इथे मात्र वर्णपट स्वतःच वळसे घेतो. खुंटी वक्राला लागत नाही या अटीला ‘पॉइंट गॅप’ म्हणतात. वर्णपटाचे दोन भाग एका रेषेने वेगळे करता आले तर ती ‘लाइन गॅप’, आणि ती आपल्या जुन्या हर्मिशियन फटीची सख्खी बहीण. २०१९ साली कावाबाता, शिओझाकी, उएदा आणि सातो यांनी सममितीनुसार वर्गवारी केली तेव्हा हर्मिशियन जगातल्या १० वर्गांच्या जागी ३८ निघाले. तो तक्ता आत्ताच पाठ करायला जाऊ नका.

पायरी ५: आयगेनसदिश काढा, सगळे एका कोपऱ्यात सापडतील

उघड्या साखळीचे चाळीसही आयगेनसदिश एकाच आलेखावर काढा. हर्मिशियन साखळीत ते सगळीकडे पसरलेले असतात, तारेवरच्या लाटांसारखे. इथे सगळेच्या सगळे उजव्या टोकाला, शेवटच्या बसथांब्यावर उतरलेल्या गर्दीसारखे. एक-दोन नाही, सगळे. यालाच ‘स्किन इफेक्ट’ म्हणतात. हे नाव शुन्यू याओ आणि झोंग वांग यांच्या २०१८ च्या शोधनिबंधातून रूढ झालं.

किती तीव्र? प्रत्येक घरागणिक उंची वजनांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाने, म्हणजे ४ च्या वर्गमुळाने, दुप्पट होते. वीस घरांच्या साखळीतही शेवटच्या घरातली उंची पहिल्या घरातल्या उंचीच्या ५,२४,२८८ पट.

वेढ्याचा आणि या गर्दीचा संबंध कसा? लाटेऐवजी अशी अवस्था घ्या की जी प्रत्येक घरागणिक ‘ब’ या संमिश्र संख्येने गुणली जाते. तिची ऊर्जा म्हणजे २ भागिले ब, अधिक ०.५ गुणिले ब. दिलेल्या ऊर्जेसाठी ब ची दोन मुळं येतात आणि त्यांचा गुणाकार नेहमी ४. खुंटी लंबवर्तुळाच्या आत असेल तर दोन्ही मुळांचं परिमाण १ पेक्षा जास्त, म्हणजे दोन्ही अवस्था उजवीकडे वाढतात. दोघी उजव्या टोकाला एकत्र येऊन तिथली अट पाळू शकतात. खुंटी बाहेर असेल तर एक मूळ १ पेक्षा मोठं, एक लहान, आणि जोडी जमत नाही. वेढ्याची संख्या मोजते ती हीच जोडी. वेढा शून्य नसेल तिथेच ही गर्दी असते, हे २०२० साली ओकुमा, कावाबाता, शिओझाकी आणि सातो यांनी, आणि स्वतंत्रपणे झांग, यांग आणि फांग यांनी दाखवून दिलं.

पायरी ६: संगणकावर विश्वास ठेवू नका

ही पायरी बहुतेक लोक गाळतात आणि नंतर पस्तावतात. मीही पस्तावलो आहे. शंभर घरांच्या उघड्या साखळीत कर्णावर थोडे यादृच्छिक आकडे टाकले होते आणि वर्णपट फुगीर, संमिश्र आला. दोन दिवस मी नवीन काहीतरी सापडल्याच्या आनंदात होतो. सापडली होती ती आकडे पूर्णांकित करताना होणारी चूक.

कारण असं. उघड्याच साखळीत उजव्या वरच्या कोपऱ्यात २ ऐवजी अगदी बारीक आकडा टाका: चाळीस घरं, आणि आकडा एक अब्जांश, दशांश चिन्हानंतर आठ शून्यं आणि मग १. नजरेला शून्यच. पण चाळिसाव्या घरातली उंची पहिल्याच्या साधारण ५५० अब्ज पट आहे. त्या बारीक आकड्याला हा गुणाकार लागला की परिणाम ५५० एवढा! आयगेनमूल्यं वास्तव रेषा सोडून उघडतात आणि काल्पनिक भाग साधारण ०.३ पर्यंत जातो. करून बघा.

आता लक्षात येईल. नेहमीच्या दुहेरी अचूकतेत संगणकाकडे ५३ बिट असतात, आणि आपली उंची घरागणिक दुप्पट होते. म्हणजे पन्नास-पंचावन्न घरांच्या पुढे संगणकाची नैसर्गिक चूक कोपऱ्यातल्या त्या बारीक आकड्याचं काम करू शकते. काही सोडवणूक-पद्धती आधीच मॅट्रिक्सचं मोजमाप सारखं करून घेतात आणि वाचवतात, पण नेहमीच नाही.

सोपी तपासणी: मॅट्रिक्सच्या ओळींचे रकाने आणि रकान्यांच्या ओळी करा आणि पुन्हा आयगेनमूल्यं काढा. गणिताने दोन्ही उत्तरं अगदी तीच यायला हवीत. आलेख वेगळे दिसले तर दोन्ही फेकून द्या, घरं कमी करा किंवा जास्त अंकांची अचूकता वापरा.

हा नुसता संगणकाचा रोग मात्र नाही. खऱ्या प्रणालीतही टोकांमधला बारीकसा दुवा वर्णपट हलवतो. म्हणूनच २०२० साली बुडिच आणि बर्गहोल्ट्झ यांनी ही नाजूकता संवेदक म्हणून वापरायची कल्पना मांडली.

पायरी ७: एक अवघड साखळी, आणि तिथेच खरी मजा

नवीन साखळी बांधा. एक घर उजवीकडे जाण्याचं वजन १, दोन घरं डावीकडे जाण्याचं वजन ०.८. बाकी उड्या नाहीत. जोडलेल्या साखळीचा वक्र काढा. तीन टोकांची आकृती येईल आणि प्रत्येक टोकाशी एक पाकळी वळलेली असेल. मधल्या भागात खुंटी ठोका, वेढा उणे १. पाकळीत ठोका, अधिक १. एकाच साखळीत दोन्ही दिशा.

आता उघडी साखळी. तिचा वर्णपट मध्यातून निघणाऱ्या तीन किरणांचा तारा, एकेक किरण साधारण १.७५ लांब. वास्तव अक्षावरच्या किरणावर चालत जा. मध्यापासून ०.४५ पर्यंतच्या ऊर्जांच्या अवस्था उजव्या टोकाला साचलेल्या, आणि ०.४५ च्या पलीकडच्या डाव्या टोकाला. ०.४५ हा नेमका तो बिंदू जिथे वक्र स्वतःला छेदतो आणि पाकळी सुरू होते. म्हणजे कुठल्या ऊर्जेची गर्दी कुठल्या टोकाला जाणार, हे एकही आयगेनसदिश न काढता नुसत्या वक्रावरून सांगता आलं. या साखळीला तीस-चाळीस घरं पुरतात.

तारा येणार हे आधी कसं कळतं? प्रत्येक ऊर्जेसाठी ब ची सगळी मुळं काढून परिमाणानुसार, लहानाकडून मोठ्याकडे, रांगेत लावायची. रांगेतल्या ठरावीक दोन शेजाऱ्यांचं परिमाण सारखं झालं की ती ऊर्जा लांब उघड्या साखळीच्या वर्णपटात. कुठले दोन, ते डावीकडची सर्वांत लांब उडी आणि उजवीकडची सर्वांत लांब उडी यांवरून ठरतं. आपल्या साखळीत मुळं तीन, उजवी उडी एका घराची, म्हणून पहिलं आणि दुसरं. पदार्थविज्ञानात हा नियम योकोमिझो आणि मुराकामी यांनी २०१९ मध्ये सर्वसाधारण रूपात मांडला. गणितात मात्र श्मिट आणि स्पिट्झर यांनी तोप्लिट्झ मॅट्रिक्ससाठी तो १९६० सालीच सिद्ध केला होता. भौतिकवाले गणितवाल्यांच्या दारात उशिरा पोहोचतात, तसंच हे.

पायरी ८: एक्सेप्शनल पॉइंट, थोडक्यात

इथे दोनच घरं. त्यांच्यातला दुवा १. एका घरात भर, दुसऱ्यात तेवढीच गळती, तिला ‘ग’ म्हणू. ऊर्जा म्हणजे १ वजा ग चा वर्ग, याचं अधिक-उणे वर्गमूळ. ग ०.६ असताना ऊर्जा अधिक-उणे ०.८, दोन्ही वास्तव. ग १.२५ असताना अधिक-उणे ०.७५, पण काल्पनिक. ग नेमकी १ असताना दोन्ही ऊर्जा शून्य, आणि मुख्य म्हणजे दोन्ही आयगेनसदिशही एकच होतात. हर्मिशियन मॅट्रिक्समध्ये ऊर्जा जुळल्या तरी सदिश वेगळे राहतात, इथे ते विरघळतात. अशा बिंदूला हे नाव गणितज्ञ तोसिओ कातो यांनी दिलं.

ग ला थोडा काल्पनिक भाग द्या (म्हणजे दोन घरांच्या मूळ ऊर्जांमध्ये फरक ठेवा) आणि १ भोवती ०.३ त्रिज्येच्या वर्तुळावर फिरवा. एका फेरीनंतर दोन्ही ऊर्जा एकमेकींच्या जागी गेलेल्या असतात. मूळ ठिकाणी यायला दोन फेऱ्या लागतात. २००१ साली डार्मश्टाट इथे मायक्रोवेव्ह पोकळीवर डेंबोव्स्की आणि सहकाऱ्यांनी हे प्रयोगात पाहिलं. आलेख काढताना आयगेनमूल्यं आकारानुसार क्रमाने लावू नका, नाहीतर अदलाबदल दिसणारच नाही. प्रत्येक पावलावर मागच्या मूल्याच्या सर्वांत जवळचं मूल्य निवडा.

पायरी ९: हे कुठे बघायला मिळतं

उजवी-डावी उडी असमान असलेला पदार्थ बाजारात मिळत नाही, तो रचावा लागतो. २०२० हे त्या दृष्टीने भरभराटीचं वर्ष. विजेच्या परिपथांत, एकेका फोटॉनच्या क्वांटम चालीत, प्रकाशतंतूंच्या वेटोळ्यांत, आणि मोटर लावलेल्या यांत्रिक साखळीत स्किन इफेक्ट दिसला. पुढच्या वर्षी स्टॅनफर्डमध्ये शानहुइ फान यांच्या गटाने प्रकाशाच्या कंपनसंख्यांनाच घरं मानलं आणि संमिश्र ऊर्जेचे वेढे थेट मोजले. हाताने काही करायचं असेल तर माझं मत परिपथांच्या बाजूने. ऑपरेशनल अँप्लिफायर, कपॅसिटर आणि इंडक्टर महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत असतातच, आणि एकाच दिशेने जास्त जोडणारा दुवा अँप्लिफायरने करता येतो.

पायरी १०: पुढचा आठवडा

परत पहिल्या, २ आणि ०.५ वजनांच्या साखळीकडे या. टोकं जोडलेलीच ठेवा आणि कर्णावर शून्याऐवजी यादृच्छिक आकडे टाका, आधी लहान, मग हळूहळू मोठे. हातानो आणि नेल्सन यांचा मूळ प्रश्न हाच होता. आधी लंबवर्तुळ थोडं खडबडीत होईल. मग दोन्ही बाजूंनी वास्तव अक्षावर पंख फुटतील आणि मधला फुगा आकसत जाईल. पंखांवरच्या अवस्था दोषांना चिकटलेल्या, फुग्यावरच्या अजून फिरत्या. आकडे पुरेसे मोठे केले की फुगा मिटतो आणि सगळी मूल्यं वास्तव होतात. फुग्याच्या मध्यावर खुंटी ठेवून नेमका केव्हा तो मिटला, ते शोधा. इथे क नाही, कारण घरं आता एकसारखी नाहीत. म्हणून प्रत्येक उजव्या उडीला ‘फ भागिले ४०’ एवढा कोन द्या, डाव्या उडीला तेवढाच उलटा, फ शून्यापासून पूर्ण वर्तुळापर्यंत फिरवा आणि निश्चयकाचा कोन मोजा.